सतरावा पट्टा

सोमवार, ३ मार्च

काम मिळालं. मिळालं, मिळालं, मिळालं. तीनदा लिहूनही हात थांबत नाहीये, म्हणून तर ही वही काढली. शाळा सुटल्यापासून मी चार ओळी सलग लिहिलेल्या नाहीत, पण हे सगळं पोटात ठेवलं तर मी फुटेन.

नाट्यगृहाचा पडदा. डागडुजी होऊन २८ तारखेला संध्याकाळी नाट्यगृह पुन्हा उघडतंय आणि त्याचा मुख्य पडदा आमच्या दुकानात शिवायचाय. आमच्या म्हणजे अजून मास्तरांच्याच. तीस वर्षं त्यांनी पडदे शिवले, त्यातली बारा मी त्यांच्या हाताखाली होते. आता त्यांचा हात कापतो, सुईत दोरा जात नाही. आज त्यांनी मोठी कात्री माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे काम तुझं. मी दुकानात पाऊल ठेवणार नाही. पडदा नीट लागला तर दुकान तू चालव. नाही लागला तर भाच्याला देतो, त्याला मोबाइलची कव्हरं विकायला जागा हवीच आहे."

वर म्हणाले, "आधी काकूला विचारलं होतं. ती म्हणाली, मला नको, हिला द्या." मास्तरांना असली गंमत करायची सवयच आहे. काकू म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी मशीनवाली. दिवसभरात दहा वाक्यं बोलतील तर शपथ.

मोबाइलची कव्हरं म्हणे. ज्या टेबलावर मी कापड बेतायला शिकले त्या टेबलावर. बघतेच मी.

मंगळवार, ४ मार्च

मखमल आली. गर्द निळी, सहा तागे. गोणपाट फाडलं आणि दुकानातला उजेडच बदलला. मी, काकू आणि एक्स्प्रेस, तिघंही गप्प. एक्स्प्रेस हा आमचा दुसरा मशीनवाला; शिवतोही वेगात आणि बोलतोही वेगात, आणि दोन्हीला स्टेशन नाही. तो गप्प बसला म्हणजे कापड काय असेल बघा.

एकूण बावीस पट्टे. डाव्या भागात अकरा, उजव्या भागात अकरा. उंची वीस फूट, वर चुण्या घालून जाड नवारीची पट्टी, खाली दुमडीत वजनाला साखळी. कापड इतकं मोजून आणलंय की शेवटी हातभर उरलं तरी पुष्कळ.

मखमलीचं सगळं नाटक तिच्या लवेत असतं. एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला लागली तर रंग एक दिसतो, एखादा पट्टा उलटा लागला तर उजेडात ते वेगळंच कापड वाटतं. म्हणून पट्टा कापला की लगेच पाठीवर खडूने बाण काढायचा. मास्तरांची शिस्त अशी की टेबलाच्या दाराकडच्या टोकाला उभं राहायचं आणि बाण आपल्या पोटापासून पुढे काढायचा, म्हणजे चूक होणं शक्यच नाही. बारा वर्षांत मी हजारभर बाण काढले असतील.

काकू तासभर तागे कुरवाळत बसल्या. मांजर असल्यासारखे.

बुधवार, ५ मार्च

आज फक्त तीन पट्टे. तीन! लाज वाटते लिहायला.

नाट्यगृहाचा मॅनेजर सकाळी फोनवर सहज म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. आम्ही एक तयार पडदा मागवून ठेवलाय, खोक्यांत पडून आहे. तुमचा नाही जमला तर तो लावू." टेन्शन घेऊ नका म्हणे. त्यानंतर माझं लक्ष कशावर लागेल? कात्री उचलली की खोकी दिसायची. दर पाच मिनिटांनी फोन बघितला. त्या कंपनीचे पडदे नेटवर शोधून त्यांच्या शिवणी मोठ्या करून बघितल्या. चांगल्या आहेत मेल्या. एक्स्प्रेसने त्याच्या मेव्हण्याच्या लग्न मोडण्याची गोष्ट काढली आणि मी कात्री खाली ठेवून पूर्ण ऐकली, दोन प्रश्नही विचारले.

घरी येऊन नवऱ्यापुढे रडगाणं गायलं. नवरा बसच्या वेळापत्रकांच्या ऑफिसात आहे, मिनिटांवर जगतो. त्याने स्वयंपाकघरातलं घंटीचं छोटं घड्याळ आणून समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. घंटी वाजली की हातातलं टाकायचं, परत वाजली की धरायचं. मधे काहीही आलं तरी नाही म्हणायचं. "एकदा अपवाद केलास की नियम मेला," म्हणाला.

गुरुवार, ६ मार्च

आजपासून दुकानात नियम. भिंतीवर कागदच लावला. फोन पत्र्याच्या डब्यात. बोलणं फक्त जेवणाच्या सुट्टीत. उगीच कापड कुरवाळणं बंद. सगळं काम घंटीवर.

एक्स्प्रेसने कागद वाचला आणि म्हणाला, "ताई, श्वास घंटीवर घ्यायचा की मधे चालेल?" काकूंनी कागद वाचला, हात मागे घेतला आणि मशीनला तेल घालायला लागल्या. काल-परवापर्यंत मला 'अगं' म्हणायच्या, आता 'ताई' म्हणतात. चांगलंय. शिस्त आली म्हणायची.

आणि काय सांगू, आठ पट्टे कापले. आठ! एकूण अकरा झाले, म्हणजे अर्धा पडदा. खोकी एकदाही आठवली नाहीत. नवऱ्याला रात्री दुप्पट वाढलं.

शनिवार, ८ मार्च

बावीसच्या बावीस कापून झाले. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. मी आता कुणाचंही ऐकणार नाही, ही घंटी म्हणजे सोनं आहे.

आज माझी परीक्षाच झाली. सतरावा कापला, खडू हातात घेतला आणि टिणटिण. बाण काढायला दोन सेकंद लागले असते, पण नियम म्हणजे नियम. खडू कानामागे खोचला, चहाचा कप घेऊन टेबलाच्या पलीकडे खिडकीत जाऊन बसले. पाच मिनिटं बाहेर एक माणूस सायकलला मोठा आरसा बांधायची खटपट करत होता, ते बघितलं. घंटी वाजली तशी तिथूनच टेबलाला भिडले, पोटापासून पुढे झरझर बाण काढला, नंबर टाकला, घडी केली. पुन्हा दारापर्यंत फेरा मारण्यात वेळ घालवला नाही. पूर्वीची मी असते तर आरशाचं काय झालं ते बघत अर्धा तास काढला असता.

सोमवार, १० मार्च

शिलाई सुरू. डावा भाग एक्स्प्रेसकडे, उजवा काकूंकडे. मशीनचा आवाज दिवसभर. सुख.

बुधवार, १२ मार्च

काकू आज दोन शिवणींना अडल्या. हात वर करून मला बोलावलं, "ताई, इथे कापड सरकतंय. एकमेकांवर बसत नाहीये." मखमल सरकतेच, त्यात काय नवीन. म्हटलं, टाचण्या जास्त लावा. त्या म्हणाल्या, "दोन्हीकडे सारखंच सरकतंय पण. या पट्ट्यावर एकदा..." मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत बोलू म्हटलं.

सुट्टीत मॅनेजरचा फोन आला, ते राहूनच गेलं.

शनिवार, १५ मार्च

भाचा आला होता. हातात मोजपट्टी. "मावशी, सहज आलो," म्हणत दुकानाची रुंदी मोजून गेला. मी ह्याची मावशी कधी झाले?

 तासभर डोळ्यांपुढे भिंतभर मोबाइलची कव्हरं. मग घंटी लावली आणि फक्त समोरच्या चुण्यांकडे बघितलं. एक चुणी, दुसरी चुणी, तिसरी. संध्याकाळपर्यंत डाव्या भागाची अख्खी नवार लागली. असं काही जमलं की स्वतःच्या पाठीवर थाप मारावीशी वाटते, पण हात पोचत नाही.

बुधवार, १९ मार्च

काकू जेवताना म्हणाल्या, "अस्तर लावायच्या आधी उजवा भाग एकदा पसरून बघू या का?" पसरायला मागचं गोदाम रिकामं करायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हटलं, काकू, आपण वेळेच्या पुढे आहोत ते असंच राहू दे, बाण बघून लावलेत ना सगळे? म्हणाल्या, "बाण बघूनच लावलेत." मग झालं तर. काकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं."

'तुम्ही' ऐकून कसंतरीच झालं. पण पटलं त्यांना.

शनिवार, २२ मार्च

झाला. पूर्ण झाला. साखळीसकट घडी घातली, आठ माणसांना उचलेना. एक्स्प्रेस त्यावर आडवा झाला आणि म्हणाला, आता मला इथेच मरू दे. मी हसून हसून खाली बसले. सहा दिवस हातात ठेवून काम संपवलंय मी. मी!

मंगळवार, २५ मार्च

पडदा टांगला. नाट्यगृहातले कामगार दोर ओढत होते आणि तो वर जात होता, जात होता, संपेचना. रंगमंचावर फक्त कामापुरते दोन दिवे होते. त्या अंधुक उजेडात तो समुद्रासारखा दिसत होता. मला रडू आलं, लपवलं नाही. मास्तरांना फोन केला, ते म्हणाले, "उजेड पडू दे."

किती खडूस असावं माणसाने.

बुधवार, २६ मार्च

दुपारी तीनला दिवे लावून बघायचं ठरलं होतं. मी साडेदोनलाच जाऊन पहिल्या रांगेत बसले. लाइटवाल्याने एकेक दिवा चढवला. निळा, निळा, निळा, आणि उजव्या भागात मधोमध वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी.

मॅनेजर म्हणाला, "तो भिजलाय का?"

भिजला नव्हता. उलटा होता. डावीकडून मोजलं. सतरावा.  शेजारी काकू होत्या.

मॅनेजर माणूस वाईट नाही. शांतपणे म्हणाला, "उद्या सहानंतर माझी माणसं मोकळी होतात, तो खोक्यांतला पडदा चढवायला त्यांना रात्र पुरेल. आज रंगमंच मला देता येत नाही, नेपथ्य लागतंय. उद्या सकाळी आठपासून तुमचा, पण तालीम आणि सुतार तिथेच असतील. सहाला तुमचा पडदा वर असेल तर ठीक. नाही तर मला माफ करा."

बाहेर आल्यावर काकूंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती. हात लावला असता तर कळलं असतं."

घरी येऊन ही वही उघडली. ८ तारखेचं पान वाचलं. वाचताना माझे मलाच कान धरावेसे वाटले. खिडकीकडून. पोटापासून पुढे. झरझर. वर त्या शहाणीने आरशाच्या सायकलबद्दल स्वतःचं कौतुकही केलंय. मग १२ तारीख, मग १९. काकू दोनदा दारावर आल्या आणि मी दोनदा घंटी दाखवली.

नवऱ्याने विचारलं, घड्याळाचं काय चुकलं? म्हटलं, त्याचं काही चुकलं नाही, त्याला मखमल शिवायची नव्हती.

भिंतीवरचा कागद उद्या काढेन. आधी उद्या उजाडू दे. घाबरलेय, पण खरं सांगू, हात शिवशिवतायत. कधी एकदा आठ वाजतात असं झालंय.

गुरुवार, २७ मार्च

सगळं क्रमाने लिहिते, नाही तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आठला उजवा भाग खाली घेतला आणि रंगमंचावर पालथा पसरला. काकूंचं मशीन चार जणांनी उचलून आणलं. मी काकूंना म्हटलं, "आज तुम्ही सांगा, मी करते." काकूंनी चपला काढल्या, पडदा सुलटा करून घेतला आणि गुडघ्यांवर चालत अकराही पट्ट्यांवरून तळहात फिरवला. बाराव्यावर "पुढे". तेराव्यावर "पुढे". प्रत्येकावर "पुढे". सतराव्यावर नुसती मान हलवली. मग बावीसपर्यंत पुन्हा "पुढे". म्हणजे एकच आहे. मी तिथेच बसकण मारली, अर्धा जीव भांड्यात पडला.

नवीन पट्टा कापायला कापड नव्हतं. हाच उसवून, फिरवून पुन्हा लावायचा. म्हणजे अस्तर सोडवायचं, वरच्या चुण्या, खालची दुमड, साखळी आणि वीस वीस फुटांच्या दोन शिवणी उसवायच्या. मखमलीची शिवण ओढून उसवता येत नाही, लव उपटते. एकेक टाका ब्लेडने कापायचा.

आणि भोवती? अहो, बाजार परवडला. सुतार जिना ठोकत होते. नटमंडळी आमच्या डोक्यावरून संवाद म्हणत होती. एक राजा दर दहा मिनिटांनी माझ्या कोपराशी येऊन मरत होता. कोणीतरी झांजा वाजवून बघत होतं. एक्स्प्रेस डाव्या शिवणीवर आणि मी उजव्या. काकू मधे बसून नवार सोडवत होत्या. मी पहिल्यांदा घाई केली तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, टाका बघ. घड्याळ मॅनेजर बघतोय."

अगं म्हणाल्या. मी टाका बघितला. मग पुढचा टाका बघितला.

साडेबाराला पट्टा सुटा झाला. आम्ही तिघांनी तो उचलून फिरवला आणि परत बसवला. खालच्या दुमडीची जुनी घडी आता वर गेली. काकूंनी वाफ मारली, ब्रश फिरवला, थोडी खूण राहिली. वीस फुटांवर कोण बघायला जातंय. टाचण्या लावायच्या आधी काकूंनी माझा तळहात धरून शिवणीवर आडवा फिरवला, सोळाव्यावरून सतराव्यावर, सतराव्यावरून अठराव्यावर. डोळे मिट म्हणाल्या. मिटले. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळलं नाही. बारा वर्षं या धंद्यात आहे आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं. किंवा मी शिकले नव्हते.

काकूंनी शिवलं, मी धरलं. इतकं वजन पुढे सरकवताना खांदे भरून आले. दोन शिवणी होईपर्यंत पावणेतीन. मग चुण्या, नवार, दुमड, साखळी, अस्तर. एक्स्प्रेसने अस्तर हाताने टाचलं आणि तेवढ्या वेळात एक शब्द बोलला नाही. मी घाबरून त्याच्याकडे बघितलं तर तोंडात दोरा होता.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी कामगारांनी दोर ओढला. मॅनेजरने लाइटवाल्याला खूण केली. निळा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा निळा.

 मॅनेजर माणसांना म्हणाला, "खोकी गोदामात टाका." सुतारांनी हातोड्या आपटून दाद दिली आणि तो राजा जिवंत होऊन काकूंच्या पाया पडला. काकू म्हणाल्या, उठा, कपडे मळतील.

घरी निघाले तेव्हा फोन बघितला. नवऱ्याचे चौदा फोन येऊन गेले होते, एक भाच्याचाही. दिवसभर पिशवीत वाजत होता, मला पत्ता नाही.

शुक्रवार, २८ मार्च

प्रेक्षकांना सहाला सोडणार होते. साडेपाचला मास्तर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅनेजरने कालचं सगळं त्यांच्या कानावर घातलेलं होतं. मी समोर जायचं टाळत होते, त्यांनीही हाक मारली नाही, थेट रंगमंचावर गेले. मी आणि काकू बाजूच्या काळोखात उभ्या.

मास्तरांनी पडद्यावर हात ठेवला. हात कापत होता. डाव्या टोकापासून सुरुवात केली आणि एकेक पट्टा चाचपत चालत गेले, अकरा, मग मधली फट ओलांडून पुढचे अकरा. शेवटपर्यंत गेले. परत फिरले आणि उजवा भाग पुन्हा चाचपला, या वेळी डोळे मिटून. मी काकूंचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांनी तो सोडवून घेतला.

"कुठला होता?" मास्तर म्हणाले.

"शोधा," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

ते खाली वाकून शिवणी बघायला लागले. मग एका पट्ट्यावर बोट ठेवलं. तो एकोणिसावा होता. काकू पदराआड हसल्या. मास्तरांनी आमच्याकडे बघितलं, बोट खाली घेतलं आणि खिशातला रुमाल काढून उगीचच चष्मा पुसत बसले. मी सांगितलं, चूक माझी होती आणि ती काकूंच्या हाताने निघाली. ते म्हणाले, "ते मला ठाऊक आहे." काकूंकडे बघून म्हणाले, "तू सांगितलं होतंस तसंच झालं." काकूंनी मान वळवली. काय सांगितलं होतं ते दोघंही मला सांगेनात, पण पहिल्या दिवशीचं ते 'हिला द्या' ही मास्तरांची गंमत नव्हती, एवढं कळलं.

सहाला दारं उघडली, लोक आत येऊन बसायला लागले. मास्तर पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीकडे निघाले आणि अर्ध्यावर थांबले.

"सोमवारी दुकान किती वाजता उघडतेस?"

"साडेनऊला."

"मग मी दहाला येईन," म्हणाले. "पाहुणा म्हणून. चहा तू पाजायचा."